ऑरिनच्या बंदुकीचा साचा

लुईसटाउन, मोंटाना
३ एप्रिल १९९४

चि. लाईल भावजींस,
अ. उ. आ.

इकडे मी ठीक आहे. चिनूकचा गरम वारा सुटला आणि अंगणातला बर्फ बघता बघता गेला. फेब्रुवारीत ऑरिन गेल्यापासून घर फार मोठं वाटतं, एवढंच. अंत्यविधीनंतर तुम्ही त्यांची बंदूक दुरुस्तीला नेलीत आणि मागच्या आठवड्यात स्वतः आणून दिलीत. त्याचे आभार मानायचे राहिले होते. लाकडी दस्त्याची चीर आता शोधूनही सापडत नाही. गाल टेकून टेकून तुमच्या भावाने लाकडाला आणलेली झिलई मात्र तशीच आहे. रोज एकदा तिच्यावरून हात फिरवते.

नेमबाजी क्लबाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सभासद गेला की जूनच्या स्पर्धेत घरच्या माणसाने त्याच्याच बंदुकीतून, त्याच्याच साच्यात ओतलेल्या गोळीने शेवटचा बार काढायचा. मग ती बंदूक पुढे ज्याला द्यायची त्याच्या हाती सगळ्यांसमोर द्यायची. कोणाला द्यायची ते ठरलं आहे. जूनपर्यंत सांगणार नाही, उगाच खोदून विचारू नका.

अडचण अशी आहे. गॅरेजमध्ये शिसं वितळवलं, वीस भागांना एक भाग कथील घातलं, साचा तापवला. पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, पुढच्या छान गुळगुळीत. पण काडतूस भरून पाहिलं तर ते बंदुकीत शेवटपर्यंत बसतच नाही. गोळी जाड होते. माझं काय चुकतंय? ऑरिन म्हणायचे, लाईलला निशाणाच्या लोखंडी रानगव्यावर नेम धरायला सांगा, तो बरोबर शेजारचं कुंपण पाडेल. पण साच्यांतलं त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते.

डोरीनला आणि मुलींना आशीर्वाद. तुमचा जीव आमच्यावर आहे तसाच राहो.

तुमची वहिनी,
व्हर्ना


शेरिडन, वायोमिंग
१४ एप्रिल

ती. व्हर्नावहिनींस,
सा. न. वि. वि.

वहिनी, कुंपणाची गोष्ट दादा वर गेल्यावरही सांगत बसला असणार. त्या दिवशी केवढा वारा होता, हे मात्र त्याने कधी कोणाला सांगितलं नाही.

तुमचं काहीही चुकलेलं नाही. साचाच चुकीचा आहे. दादाने तो फार पूर्वी बाजूला टाकला होता, तुम्हाला बोलला नसेल. आता नवा निवडायचा. चारशे ग्रेन वजनाच्या गोळीचा घेऊ नका, गोळी हलकी पडते आणि लांबवर वाऱ्याने भरकटते. चपट्या नाकाचा जवळच्या निशाणाला बरा, रानगव्यापर्यंत जाईतो दमतो. तुमच्या बंदुकीला पाचशे वीस ग्रेनचा, निमुळत्या नाकाचा, ०.४५९ इंच जाडीचा साचा हवा. विकत घेऊ नका, माझ्याकडचा पाठवतो. जुना जाड साचा तुमच्या काही उपयोगाचा नाही. तो टपालाने इकडे पाठवून द्या, दादाची आठवण म्हणून ठेवीन.

बंदूक कोणाला देणार ते विचारत नाही. पण क्लबातला एमेट सॉर्ली हल्ली तुमच्याकडे फार येतो असं ऐकलं. लाकडं फोडून देतो, छपरावर चढतो. माणूस चांगला आहे, नाही म्हणत नाही. तरी ती बंदूक आमच्या आजोबांची, एवढं मनात असू द्या.

डोरीनने रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा सोबत दिला आहे. या धाकट्या दिरावर माया असावी.

तुमचा,
लाईल


लुईसटाउन
२७ एप्रिल

चि. लाईल भावजींस,
अ. उ. आ.

साचा आणि मुरंबा दोन्ही पोचले. मुरंबा एमेटनेही चाखला. तुम्हाला चिडवायला लिहिते आहे, रागावू नका. पाचशे वीसची गोळी बंदुकीत अगदी बेताने बसली. तुम्ही म्हणालात तसंच झालं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. ऑरिनचा नेमबाजीचा कोट झटकत होते, तर खिशात गेल्या सप्टेंबरच्या स्पर्धेतून उरलेल्या गोळ्या निघाल्या. मोजल्या. ०.४६३. म्हणजे सप्टेंबरपर्यंत ते जाड साचाच वापरत होते. मग ते करायचे तसं केलं. नळीला तेल लावलं, मऊ शिशाचा गोळा लाकडी दांड्याने आतून ठोकत पार केला आणि त्यावर नळीतल्या आट्यांचे ठसे उमटले तिथली जाडी मायक्रोमीटरने मोजली. ०.४५८. पुन्हा केलं, तेच आलं. फरक एखाद्या जाडसर केसाएवढा आहे, पण गोळी अडायला तेवढा पुरतो.

दुरुस्ती करताना नळी बदलावी लागली का? तसं असेल तर सांगून टाका. मी रागावणार नाही. फक्त ऑरिनची जुनी नळी मला परत हवी.

गुडघ्याला थंडीत जपा. उत्तराची वाट पाहते.

तुमची वहिनी,
व्हर्ना


शेरिडन
९ मे

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. नळीला मी हातसुद्धा लावलेला नाही. दस्ता दुरुस्त केला, बस्स. गारठलेल्या गॅरेजमध्ये मायक्रोमीटर काहीही दाखवतो. शिवाय शंभर वर्षांचं लोखंड, थंडीत थोडंफार आकसणारच. तुम्ही दुःखात आहात वहिनी, अशा वेळी माणसाला नाही ते दिसायला लागतं. डोरीनही हेच म्हणाली. थोडे दिवस मोजमापं बाजूला ठेवा आणि आमच्याकडे राहायला या.

साचा मात्र लवकर पाठवा. इथे एका मित्राकडे तसल्याच सैल नळीची जुनी बंदूक आली आहे. माझ्याकडचे सगळे साचे वापरून झाले, गोळी आत खुळखुळते, नळीला शिसं चिकटून बसतं आणि निशाणावर गोळ्या ताटभर पसरतात. महिनाअखेर इथली स्पर्धा आहे, म्हणून घाई.

घराण्यातली वस्तू घराण्यात राहावी, एवढंच माझं म्हणणं असतं. तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून काळजी वाटते. गैरसमज नको. लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमचा,
लाईल


लुईसटाउन
१७ मे

लाईल भावजींस,

नळी वापराने झिजते आणि मोठी होते. लहान होत नाही. हे मी ऑरिनच्या शेजारी स्टुलावर बसून शिकले. तुम्ही माझ्याही आधी शिकलात, त्याच स्टुलावर.

दस्ता ऑरिनचा आहे, निशाण धरायची पट्टीही त्यांचीच आहे. बाकीचं लोखंड कोणाचं आहे ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

साचा पाठवत नाही. त्यात ओतलेली एक गोळी पाठवते. ती तुमच्या मित्राच्या बंदुकीत बसवून पाहा. बसली, तर ती बंदूक ११ जूनच्या स्पर्धेला घेऊन या. सकाळी लवकर आलात तर गॅरेज उघडं असेल, दस्ता जिथला तिथे लावून टाका. मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

डोरीनला सांगा, दुःखात डोळ्यांना पाणी येतं हे खरं आहे. मायक्रोमीटरला येत नाही.

वाट पाहते.

तुमची वहिनी,
व्हर्ना


लुईसटाउन
१३ जून

श्री. लाईल टॉर्गरसन यांस,

तुम्ही आला नाहीत. दुपारभर मी फाटकाकडे बघत होते. शेवटी सगळे टोप्या काढून उभे राहिले, तेव्हा मला पुढे जावं लागलं. ऑरिनचा गाल टेकायचा तिथे गाल टेकला. बार काढला नाही. त्यांच्या नावाने दुसऱ्याच बंदुकीचा आवाज व्हावा असं वाटेना. लोकांना सांगितलं, चाप अडकलाय, लाईल दुरुस्त करून देणार आहे. तुमच्यासाठी हे एवढं केलं. एमेटने माझ्या हातातून बंदूक घेतली आणि गाडीत नेऊन ठेवली.

बंदूक कोणाला द्यायची ते जूनमध्ये सांगेन म्हणाले होते. ऑरिननी इस्पितळातच सांगून ठेवलं होतं. शेवटचा बार झाला की लाईलच्या हाती दे, आजोबांची आहे, तिच्यावर त्याचाच हक्क. आणि देताना कुंपणाची गोष्ट सांग, म्हणजे सगळे हसतील आणि तो लाजेल. मी ती गोष्ट आरशासमोर म्हणून पाहिली होती. मला चारचौघांत बोलायची सवय नाही.

साचा सोबत आहे. चुकीच्या गोळ्यांनी तुमच्याकडची ती नळी खराब झालेली ऑरिनना पाहवली नसती. तुमचा पाचशे वीसचा साचाही परत केला आहे. दस्ता मी काढून ठेवला, तो माझ्याकडे राहील. उरलेली बंदूक एमेटकडे दिली आहे. न्यायची असेल तर त्याच्याकडून मागून न्या.

या पत्राला उत्तर नको.

व्हर्ना टॉर्गरसन