कोठडीतली ओळ

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळी मजेत आहेत. माझं विचारू नकोस.

जुन्या लष्करी चौकीचं काम एकदाचं संपलं. बराकीत आता वाचनालय आहे, दारूगोळ्याच्या खोलीत मुलांची पुस्तकं. शिपायांना डांबायची कोठडी होती, तिथे मासिकं वाचायची. बोलायला सक्त मनाई, तेव्हा तू पाच मिनिटं टिकायची नाहीस! शनिवारी उद्घाटन. तू येणार हे कळलं, म्हणून लिहायला बसलो.

बाबा तिथेच नोकरीला होते, तुला ठाऊक आहे. भिंतींवरचे चुन्याचे थर खरवडायचं काम माझ्याकडे होतं. आर्किटेक्टबाईंनी बजावलं होतं, खाली काही कोरलेलं निघालं तर हात लावायचा नाही, मला बोलवा. कोठडीत मी एकटाच होतो. खिळ्याने कोरलेलं बाबांचं नाव निघालं. पुढे, 'पळून गेल्याबद्दल अठ्ठावीस दिवस कैद.'

माणसं जेवायला गेली होती. येऊन वाचतील, मिस्त्रीचा बाप पळपुटा म्हणतील, एवढंच डोक्यात आलं. ग्राइंडर लावला आणि ती ओळ घासून काढली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या देखत खालचा चुना निघाला. तेच तिरपं अक्षर. 'मुलगी झाली. तोंड बघायला निघालो होतो. स्टेशनवर धरलं.' खाली तारीख. तुझ्या जन्मानंतरचा चौथा दिवस.

"कुणाचं असेल हो, मिस्त्री?" बाईंनी विचारलं.

"असेल कुणी शिपाई."

ताई, सख्ख्या बापाबद्दल मी असं बोललो. जनाची ठेवली, मनाची नाही.

तू जन्मभर म्हणत आलीस, "मी झाले तेव्हा बाबा सहा महिने फिरकले नाहीत, तुझ्या वेळी मात्र धावत आले." ते 'बंदोबस्त होता' म्हणून मान खाली घालायचे आणि मी लाडोबा खुशाल ऐकून घ्यायचो. ते गेले तेव्हाही तू रडली नाहीस. तुझ्यासाठी ते कोठडीत बसले होते, पुढे रजाही मिळाली नसणार, आणि मी त्यांचं नावच पुसलं.

खालच्या, उरलेल्या ओळीवर आता काच आहे. शेजारी पाटी, 'अज्ञात शिपाई'. उद्या सकाळी बाईंना सगळं सांगणार आहे. पुन्हा काम देतील असं वाटत नाही, नाही दिलं तरी चालेल. कोरलेलं परत यायचं नाही, पाटी तेवढी बदलता येईल. तिच्यावर काय लिहायचं ते तू सांग. मला तो हक्क उरला नाही.

ये मात्र नक्की. माझं तोंड बघू नकोस हवं तर, पण ती ओळ वाच.

बाबांना अज्ञात करणारा,
तुझा भाऊ