धाकटीला देवी आल्या तेव्हा

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी धाकटीच्या आजारपणाचा विषय निघाला की मी अजून उठून आत जाते.

मी चौथीत होते. तू धाकटीला घेऊन दुधनीला मामाकडे जाऊन आलीस आणि दहा-बारा दिवसांनी तिला ताप भरला. मग तोंडावर, हातापायांवर फोड उठले. तू दार लावून घेतलंस, खिडकीला जुनं लुगडं बांधलंस आणि मला जवळ ओढून म्हणालीस, "कुणाला सांगायचं न्हाय. देवी आल्यात म्हणलं की दवाखान्यात नेतील, आन् पोर परत यायची न्हाय." बाबा गिरणीतून येऊन नुसते बसून राहायचे. त्या एका खोलीत आपण चौघं. मी भिंतीला पाठ लावून बसलेली आहे. धाकटी कण्हते आणि मी माझे हात उजेडात धरून बघते, कुठं फोड दिसतोय का.

समोरची तेलुगू विणकरीण तीन महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन दारात यायची. "पोरगी दिसंना की?"

"मामाकडं हाय," तू दाराआडून सांगायचीस.

फोड उठल्याच्या तिसऱ्या दिवशी देवीची लस टोचणाऱ्या नर्सबाई शाळेत आल्या. फोड आलेल्या मुलाचं चित्र दाखवून त्यांनी विचारलं, "असं कुणी पाहिलंय का?" माझा हात वर गेला.

त्या घरी आल्या तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. पण त्यांनी धाकटीला नेलं नाही. "हितंच वेगळी ठेवा. बाहेरचं कुणी आत यायला नको," म्हणाल्या आणि आपल्याला, सगळ्या गल्लीला, समोरच्या बाळालाही लस टोचली. मग तूच उंबऱ्यात बसून येणाऱ्याला लांबूनच परत पाठवू लागलीस, धाकटीचे कपडे उकळू लागलीस. गल्लीत दुसऱ्या कुणाला देवी आल्या नाहीत. धाकटी वाचली, गालांवर वण राहिले.

पंधरा दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. नंतर मात्र जन्मभर, माझ्या सासरीसुद्धा, सांगत राहिलीस, "हिनं गल्ली वाचवली. लई धीराची हाय माझी पोर." मी मान खाली घालायचे, तुला तो विनय वाटायचा.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणूनच लिहिते. हात वर केला तेव्हा मला गल्ली आठवली नव्हती, ते बाळही नाही. माझ्या तोंडावर तसे फोड उठतील, एवढीच भीती होती. धाकटीला नेलं तरी चालेल, असं मला वाटलं होतं, आई.