एक ओळ वर

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

ग्राफ येतच नाही! उद्याच्या मीटिंगला डॉक्टर साहेबांना गावनिहाय तापाचे पेशंट हवेत. शीटमध्ये गावांची नावं पहिल्या कॉलमात, तापाचे आकडे थेट सहाव्यात. मधलं काही नको. कंट्रोल दाबून दोन्ही निवडले — तर गावांच्या जागी १, २, ३. पुन्हा केलं — दांड्याच गायब!

डोमनलालजी, आमच्या आरोग्य केंद्राचे जुने क्लार्क, मागून म्हणाले, "तीन घंट्यांपासून काय करून राहिली वं? साहेब दुसरी ऑपरेटर आणतील." मला नोकरीला लागून महिनाही झाला नाही.

५ ऑगस्ट

जमला! आकडे वेगळे निवडले, नावं वेगळी जोडली. सगळ्यात उंच दांडी बोदलटोल्याची — ४१. फवारणीची गाडी अन् रक्त तपासणारे उद्या तिकडेच.

"शाब्बास, भूमेश्वरी," साहेब म्हणाले.

७ ऑगस्ट

सकाळीच सालईटोल्याच्या आशा सेविकेचा, गिरजाताईंचा फोन. "माह्या टोल्यात घरोघरी लोकं तापानं फणफणून राहिले. गाडी बोदलटोल्याले काऊन गेली? तिथं दोघंच बिमार!"

बघते म्हटलं. फाईल उघडली. नावं दुसऱ्या ओळीपासून घेतलेली, आकडे तिसरीपासून. म्हणजे प्रत्येक आकडा एक ओळ वर, दुसऱ्याच गावाच्या नावावर. ४१ सालईटोल्याचे!

डोमनलालजींना दाखवलं. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "चूप राह. कोणाले पता चालते? पुढच्या महिन्यात ठीक करून टाक."

पुढच्या महिन्यात?

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले, दोनदा परतले. तिसऱ्यांदा आत. कसंबसं सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. फोन उचलला — "गाडी वळवा. सालईटोला. आत्ताच."

८ ऑगस्ट

गिरजाताई — "सोळा जणांले मलेरिया निघाला. गोळ्या चालू केल्या." एका गरोदर बाईला गोंदियाला हलवलं. तिचं नावही विचारलं नाही मी. भीतीच वाटली.

माझ्या नोकरीचं कोणी काही बोलत नाही.

११ ऑगस्ट

साहेब म्हणाले, मागच्या वर्षीचेही ग्राफ तपास. तपासले. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर — तिन्हींत आकडे एक ओळ वर. तेव्हा ग्राफ डोमनलालजी करायचे.

गेल्या पावसाळ्यात सालईटोल्यात तापानं कोण कोण गेलं — गिरजाताईंना विचारायची हिंमत होत नाही.