पुसली गेलेली शर्यत

८ ऑक्टोबर, रविवार
आज पण टीव्हीवर गाड्यांची शर्यत. ह्यांच्या बँकेतले तिवारीजी आले, वरच्या मजल्यावरची शुभदा आली. शुभदा घरमालकांची मुलगी, बी.ए. करते. काशीतच जन्मलेली, मराठी बोलता बोलता हिंदीत जाते. ती आली की हे उठून तिला खुर्ची देतात. मी दारात चिमीला कडेवर घेऊन उभी. मला कुणी बस म्हणलं नाही. घर माझंच, मला कोण म्हणणार.
गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात. बघून बघून डोकं दुखतं.

१० ऑक्टोबर
जेवताना ह्यांना विचारलं, काळा झेंडा दाखवला म्हणजे काय? हसले. म्हणाले, "तुला काय करायचंय?" मग मीठ मागितलं.
तेच संध्याकाळी जिन्यात शुभदाला पाऊण तास सांगत होते. गेल्या वर्षी लाल गाडीवाल्याला काळा झेंडा दाखवला तरी तो थांबला नाही, त्याला दोन शर्यती बाहेर बसवलं, बरोबर केलं. शु. म्हणे चूक केलं. मी दाराआडून ऐकलं. सगळं कळलं मला. इतकं काही अवघड नाही.

१५ ऑक्टो.
शु. लाल गाडीची, हे निळीचे. तिवारीजी जो पुढे असेल त्याचे.
आज तिने माझ्या वाट्या घेतल्या आणि फरशीवर वळण मांडलं. आमटीची वाटी निळी, भाताची लाल. "दादा, इथे जागाच नव्हती, निळ्याने घुसायलाच नको होतं." हे म्हणतात, "जागा होती, त्याने आडवं येऊन दार बंद केलं!" दोघं गुडघ्यावर बसून वाट्या सरकवतात. हसून हसून ह्यांच्या डोळ्यात पाणी.
माझ्याशी असं कधी हसलेत? लग्नाला तीन वर्षं होतील. आठवून बघितलं. नैनीतालला जाताना गाडीत एकदा.

१९ ऑक्टो.
माईचं पत्र आलं. अक्का अजून माहेरीच. भाऊजींनी दुसरी आणली नाही अजून, पण आणणार असं सगळे म्हणतात. अक्का भांडली नव्हती, काही केलं नव्हतं. नुसती "हिला काही समजत नाही" म्हणून आणून सोडली.
पत्र दोनदा वाचलं. मी पण तिच्यासारखी सातवीच शिकलेली. माझं काय.

२३ ऑक्टो.
चिमीला ताप. दवाखान्यात सुई दिली, वर पांढरी चिकटपट्टी लावली, उरलेला तुकडा मला दिला. हे बँकेतून उशिरा आले. पहिलं चिमीला घेतलं, कपाळाला हात लावला. तेव्हा बरं वाटलं.
मग म्हणाले, "शुभदाने पेपरातलं कात्रण ठेवलंय का बघून येतो."

२९ ऑक्टो., रविवार
शेवटची शर्यत. जपानात, म्हणून आपल्याकडे सकाळीच. लाल गाडी एका गुणाने पुढे. मी पुऱ्या तळत होते तेवढ्यात तिघं एकदम ओरडले. चिमी दचकून रडली. बाहेर जाऊन बघते तर लाल गाडी निळीवर आदळलेली, दोन्ही बंद. दोन्ही बंद म्हणजे लालच जिंकली म्हणे, गुण जास्त ना.
मग जे भांडण! हे: "आरशात बघून वळला तो. मुद्दाम मारली." शु.: "दादा, मन का चोर तुमको दिखा क्या?" तिवारीजी: "भाभीजी, पूड़ी लाइए, यहाँ मर्डर हो जाएगा।"
शर्यत ह्यांनी व्हिडिओवर उतरवून घेतली होती. तो टक्कर झाल्याचा भाग वीस वेळा मागे-पुढे करून बघितला. ठरेना. मग ठरलं की पुढच्या रविवारी बँकेतले दोन-चार जण बोलवायचे, त्यांनी बघून निकाल द्यायचा. हरेल त्याने सगळ्यांना मलइयो, म्हणजे इथला थंडीतला गोड दुधाचा फेस, खाऊ घालायचा.
ह्यांनी पेचकसाने कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची बारकी पट्टी तोडली. "आता ह्यावर कुणी काही चढवू शकत नाही." शु. म्हणाली, "चिकटपट्टी लावली की चढतं परत." हे म्हणाले, "तुला सगळंच माहीत!" असं कौतुकाने बघितलं तिच्याकडे. माझ्या पुऱ्या गार झाल्या.

३१ ऑक्टो., मंगळवार
केलं मी.
कॅसेट मशीनमध्येच होती, त्याच वळणावर थांबवलेली. काढली. दवाखान्यातला तुकडा पट्टी तोडलेल्या भोकावर लावला. परत घातली. काही चढवायचं तर दोन बटणं एकदम दाबायची, ह्यांना बघितलंय दाबताना. टीव्हीवर शेतीचं काहीतरी चालू होतं. तेवढ्यात चिमी पलंगावरून पडली. मी धावले. पडली ती पडली, टेंगूळ आलं, अर्धा तास रडत होती. मशीन तसंच चालू. मग बंद केलं.
चिकटपट्टी काढायची राहिली. आत्ता लिहिताना आठवलं. हे घरात आहेत, मशीनपाशीच बसलेत.

३ नोव्हें.
तीन दिवस झाले, मशीनपाशी एकटी जायला मिळत नाही. ह्यांना सर्दी, रजेवर. झोप नाही. दूध उतू गेलं दोनदा.

५ नोव्हें., रविवार
सात माणसं जमली. हे उभे राहून सगळ्यांना समजावत होते, आता बघा, आता बघा, आता लाल आत वळेल... आणि पडद्यावर पगडीवाला एक म्हातारा आला. "आलू के पत्तों पर काले धब्बे दिखाई दें तो..."
तिवारीजी म्हणाले, "ई कौन ड्राइवर है भैया?" सगळे खोखो हसले. हे नाही. ह्यांचा चेहरा पांढरा.
शुभदाने कॅसेट बाहेर काढली. उलटी करून बघितली. मी तिच्या बोटांकडे बघत होते. नखाने काहीतरी सोललं आणि मूठ मिटली. म्हणाली, "पट्टी नीट तुटलीच नव्हती दादा. मशीनची गलती."
ह्यांनी मला विचारलं, "तू हात लावलास?"
मी म्हणाले, "मला कुठं येतं चालवायला."
लगेच पटलं त्यांना. एकदा पण परत विचारलं नाही. सुटले म्हणून बरं वाटायला पाहिजे होतं. पण रात्रभर तेच टोचलं.

७ नोव्हें.
गच्चीवर कपडे वाळत घालत होते. शु. आली.
"वहिनी, का केलंत?"
बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलंच. "तू आमच्याकडे येऊ नको."
खालून मुन्शी घाटावरच्या नाववाल्यांचा ओरडा येत होता. मग ती म्हणाली, "बाबा घरी टीव्हीचा आवाज चालू देत नाहीत. इथे शर्यत बघायला मिळते म्हणून येते. बस, इतनी सी बात." डोळे भरले होते तिचे. "नाही येणार. मी होऊन दादांना काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर झूठ नाही बोलणार. एकदा बोलले तुमच्यासाठी."
माझ्यासाठी कशाला बोलली? मी सांगितलं होतं? ह्यांच्यासमोर चांगली झाली, आता माझ्यावर पण उपकार. आता तिचा जास्तच राग येतो. आणि भीती.

१२ नोव्हें., रविवार
शर्यत नाही, हंगाम संपला. तरी हे चार वाजता टीव्हीसमोर बसले. तिवारीजी आले नाहीत. तिच्या खुर्चीवर चिमीचे कपडे ठेवलेत मी.
मी बाजूला बसले. म्हणाले, "अहो, निळीने आतून जायला नको होतं ना? लाल आधीच वळली होती." तीन दिवस मनात घोकून ठेवलं होतं.
ह्यांनी वळून बघितलं. बघतच राहिले. "तुला कुणी सांगितलं?"
"बघितलं की. वीस वेळा लावलं होतं तुम्ही."
हसले नाहीत. काहीतरी विचार करत होते. मग टीव्ही बंद केला.
मशीनपाशी गेले. खाली बसून बटणं बघत होते. मग उठले आणि चपला घातल्या. "शुभदा आठ दिवस का आली नाही, विचारून येतो."
थांबा म्हणायचं होतं. मीच सांगते म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं. ते जिना चढले.
वर दार वाजलं. तिचा आवाज, मग ह्यांचा. मग आवाजच नाही.
चिमीला कडेवर घेऊन चहाचं आधण ठेवलं. दोन कपांचं. मग अजून एक कप पाणी ओतलं. साखर अजून घातली नाही. कुणी खाली आलेलं नाही.