मुदत वाढविली आहे

प्रिय दादा,

फोनवर तू नेहमी विचारतोस, बाकी काय, आणि मी म्हणते, काही नाही. तेवढ्यात बाबा आतून हाक मारतात आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून हे पत्र. दुपारचे दोन वाजलेत, बाबांचा डोळा लागलाय, माझ्या हातात तासभर आहे. त्यांचा उजवा हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, मला वेळ असाच तुकड्यातुकड्याने मिळतो. भाजी आणायला गेले आणि जरा उशीर झाला की ते खिडकीच्या गजावर चमचा वाजवत बसतात. समोरची शिंपीणबाई मला गल्लीच्या तोंडाशीच गाठून सांगते, पळ, बोलावणं आलंय. ती हसते, मीही हसते. अलीकडे मला हसू येत नाही, एवढंच.

माझा फोटोंचा नाद अजून चालू आहे. तू त्याला लोकांच्या आजोबांची भरती म्हणतोस ते ठीक, पण मला आजोबा नकोच असतात, मला त्यांच्या मागची पाटी हवी असते. कुणाचं घर रिकामं झालं की रद्दीवाला त्यातले फोटो माझ्यासाठी बाजूला काढतो आणि मी पाटी असलेले तेवढे निवडून घेते. एकात ‘येथे उभे राहू नये’ या पाटीखाली अख्खं कुटुंब ओळीने उभं आहे, म्हातारीला तर खुर्चीसुद्धा दिली आहे. हे सगळं बाबांसाठी सुरू झालं, ते तुला ठाऊक आहे. पाट्या रंगवायचा ब्रश हातातून सुटल्यावर त्यांनी तोंडच मिटलं होतं. मग त्यांनी रंगवलेली बेकरीची पाटी एका फोटोत सापडली, ती दाखवली आणि ते तासभर बोलले. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की फोटो समोर यायलाच हवा, नाहीतर दिवसभर घुम्यासारखे बसतात. त्यांना बोलतं करायला मी एक खिडकी उघडली आणि तिच्यासमोर स्वतःलाच बांधून घेतलं.

त्यांची पाटी ओळखायला मला आता चष्माही लागत नाही. दुसरे पेंटर डावीकडून सुरुवात करतात आणि शेवटी जागा पुरेनाशी झाली की अक्षरं चेपतात. बाबा शेवटच्या अक्षरापासून उलटे यायचे. पाटीचा शेवट देखणा असला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे त्यांच्या पाटीत नेहमी पहिलंच अक्षर अंग चोरून उभं असतं. गिऱ्हाइकं कुरकुरायची आणि बाबा त्यांनाच शहाणपण शिकवायचे, आठवतं?

आता बातमी. परगावच्या एका मोठ्या ग्रंथालयात जुन्या फोटोंचे ढीग पडले आहेत, ते लावायला त्यांना माणूस हवा आहे. माझ्यासारख्याच एका फोटोवेड्या बाईने, जिच्याशी मी फोटोंची अदलाबदल करते, माझं नाव सुचवलं. राहायला खोली देतात, काम वर्षभराचं. त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी नाही कळवलं. बाबांना विचारलंही नव्हतं. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला कुठे सोडून जायचं, असं म्हणून मीच गप्प बसले, आणि चार दिवस भांडी जरा जास्त आपटली.

मग मागच्या सोमवारी रद्दीवाल्याच्या पाकिटात एक फोटो निघाला. आईवडील, दोन धाकटे भाऊ आणि मध्ये ट्रंकेवर हात ठेवून एक मुलगी, माझ्याच तेव्हाच्या वयाची. मागे पेन्सिलीने साल लिहिलं आहे आणि खाली, ‘ताईला सोडायला गेलो तेव्हा’. त्यांच्या पाठीमागचं फाटक मी लगेच ओळखलं. परिचारिकांच्या प्रशिक्षणाची ती शाळा, जिथे मला जायचं होतं. माझा अर्ज घेऊन बाबा स्वतः गेले होते आणि संध्याकाळी येऊन म्हणाले होते, मुदत संपली, काल अर्ज दिला असतास तर झालं असतं. आईच्या आजारपणात माझाच अर्ज भरायचा राहिला होता, म्हणून चोवीस वर्षं मी तो दोष स्वतःकडे ठेवला. फोटोतल्या फाटकावर अजून न उतरवलेली पाटी आहे, ‘प्रवेश अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत वाढविली आहे’. साल तेच. आणि ‘प्रवेश’मधला ‘प्र’ अंग चोरून उभा आहे.

दुसऱ्या दिवशी चहानंतर मी तोच फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मला वाटलं, विसरले असतील, आणि खरं सांगते, विसरले असते तर मी सुटले असते. पण ते म्हणाले, “माझीच पाटी. तुझी आई जाऊन महिना झाला होता. तूही गेली असतीस तर घरात कोण होतं?” रागाने नाही, अगदी सरळ सांगितलं. मग फोटो परत देताना म्हणाले, “टांगायला दादा आला होता. त्याने मला विचारलं, तिला सांगायचं का? मी नको म्हटलं.”

दादा, तू तेव्हा बावीस वर्षांचा होतास आणि बाबांपुढे तुझी बोलायची टाप नव्हती, हे मला कळतं. दोन वर्षांनी लग्न करून तू निघून गेलास, तेव्हा दारात मला जवळ घेऊन इतका का रडलास, तेही आता कळलं. मला राग आला आहे. तो लपवत नाही. बाबांचा आला, तुझा त्याहून जास्त आला. पण मंगळवारीही मीच त्यांना अंघोळ घातली, मीच गोळ्या दिल्या, आणि राग धरून बसायला या घरात मला जागा सापडली नाही.

ग्रंथालयाने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हो कळवलं. शनिवारी हजर व्हायचं आहे, शुक्रवारी सकाळी दहाची गाडी आहे. बाबांना सांगितलंय, ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. औषधांचा कागद, डॉक्टरांचा नंबर, धोब्याचे दिवस, सगळं लिहून ठेवलंय. शिंपीणबाई दुपारी बसेल म्हणते, पण तिच्या भरवशावर मी निघू शकणार नाही, मला माझा स्वभाव माहीत आहे. तुला मी आजवर काही मागितलेलं नाही, आज मागते. एक वर्ष. गुरुवारी संध्याकाळपर्यंत ये. त्या वेळी तू बोलला नाहीस आणि मी राहिले. या वेळी तू आला नाहीस, तर याही वेळी मी राहीन.

तुझीच,
धाकटी