भात्याचा पहारा

४ मे, अकोला

नव्या कामाला नवी वही. अमरावतीहून बसमध्ये चढले तेव्हा ऊन कोवळं होतं, अकोल्यात उतरले तेव्हा ते अंगावर धावून आलं. रिक्षावाल्याने मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहराच्या गल्ल्यांतून असं काही फिरवलं की परत जायची वाट मला कुणालातरी विचारावीच लागणार. स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. भिंतींना आतून कापूस ठासलेल्या गाद्या लावल्या आहेत, टाळी वाजवली तरी ती हातातच विरते. खिडकी एकही नाही. पण भिंतीत बसवलेला भलामोठा कूलर आहे, आणि बाहेर हा असा मे महिना. मला तो कूलर बघूनच नोकरी आवडली.

काम मजेचं आहे. हिंदी सिनेमा, परीराज्य, शापित राजकन्या, उडते घोडे. परीराज्य कुठलंही असो, त्याला आवाज आयर्लंडचाच पाहिजे, असा जगाने ठराव केलेला दिसतो. किल्ला दिसला की हार्प. लढाई आली की बोरान, म्हणजे आपल्या डफासारखंच बकऱ्याच्या चामड्याचं वाद्य. राजकन्येला घर आठवलं की टिन व्हिसल, ही पत्र्याची छोटी बासरी, आणि ती मी वाजवायची. मी अमरावतीत बासरीचे वर्ग घेते, बाकी माझी पुण्याई काही नाही. संगीतकार कुलदीपसर मूळचे इथलेच, शिकायला आयर्लंडला होते. त्यांनी फोनवर मुलाखत घेतली तेव्हा बासरीबद्दल जेमतेम विचारलं आणि घरच्यांबद्दल खोदखोदून. आमच्या गावच्या सप्ताहात बाबा वीणेकरी असतात हे ऐकल्याबरोबर म्हणाले, या तुम्ही.

५ मे

कुलदीपसर हे एक प्रकरण आहे. त्यांच्या अंगावर सतत एक वाद्य असतं, इलन पाइप्स. चामड्याची पिशवी डाव्या काखेत, तिचा पट्टा गळ्यात. उजव्या कोपराखाली लोहाराच्या भात्याचं लहान भावंड म्हणावं असा भाता. तोंडाने फुंकायचं नाही, कोपराने भाता दाबायचा, पिशवीत हवा भरायची, आणि तिच्यातून एकच खर्जातला सूर अखंड निघत राहतो. सुरावट वाजवायची तर बोटं वेगळ्या नळीवर. नाही वाजवायची तर बोटं मोकळी, सूर आपला चालूच. सर जेवतात तेव्हाही कोपर हलत असतं. बोलतात तुटक, मध्येच थांबून, दम लागल्यासारखे.

मी म्हटलं, सर, हे काढून ठेवलं तर जेवण जास्त गोड लागेल. हसले नाहीत. दिवसभरात मी बरेच विनोद केले, एकालाही हसले नाहीत. माझा जरा अपमानच झाला.

दुपारी त्यांनी या वाद्याची गोष्ट सांगितली. तिकडच्या एका खेड्यातल्या म्हाताऱ्याने ते त्यांना फुकट देऊन टाकलं. देताना तो ढसाढसा रडला. मला फार हृद्य वाटलं ते.

८ मे

आज तीन तुकडे रेकॉर्ड झाले. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो त्यांच्या सूर तोडण्याचा. आपण एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जातो. ते लोक मध्ये बोटाने टिचकी मारून सूर तोडतात. सर म्हणतात, घसरू नका, तोडा. मी म्हटलं, आमच्या घराण्यात तोडातोडी बसत नाही. नाही हसले.

मैनाबाई डबा घेऊन येतात, स्टुडिओ झाडतात, कूलरमध्ये पाणी भरतात. आज चहा घेताना सरांनी सप्ताहाचा विषय काढला. मलाही गावची गोष्ट सांगायला आवडतं. सांगितलं सगळं. की सप्ताहभर वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. पहाऱ्याला उभा असलेला माणूस पुढचा येईपर्यंत जागचा हलत नाही. पुढच्याने आधी मान वाकवायची, मग वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. एकदा पाऊस फार झाला, कुणी येऊच शकलं नाही, तर बाबा रात्रभर उभे होते. तेव्हापासून त्यांचा दमा वाढला, पण वीणा खाली ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मीही लहानपणी पहारे केलेत. आमच्या घरात कुणी वीणा पुढे केली की मान आपोआप खाली जाते.

सर चहा प्यायचे थांबले होते. आपोआप का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, हो, सवयच तशी.

११ मे

हात थरथरतोय म्हणून अक्षर असं येतंय. थरथरतोय असं नाही. कोपर चालू आहे.

नीट लिहिते. दुपारी सर म्हणाले, शापाच्या प्रसंगाचा सूर मला बाहेरून ऐकायचाय, तुम्ही जरा हे धरा. मी हात पुढे केले. ते म्हणाले, हे असं हातात घेत नाहीत. तुमच्या वीणेसारखं घ्या. आणि त्यांनी गळ्यातला पट्टा दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर धरला, अगदी आमच्या गावचे लोक धरतात तसा.

माझी मान वाकली. मी ठरवून वाकवली नाही. पट्टा गळ्यात पडला, भाता कोपराखाली आला, सूर क्षणभरही तुटला नाही, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मग सरांनी जांभई दिली. मोठी, आळस देत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि ते हसायला लागले. हसत हसत खाली बसले. मी विचारलं, झालं का, काढू का आता. पट्टा वर उचलला तसा माझा श्वास थांबला. दम लागला असं नाही. श्वास घ्यायची क्रियाच बंद पडली, छाती लाकडासारखी झाली. पट्टा सोडला, कोपर दाबलं, सूर आला, मग श्वास आला. जेवढी हवा पिशवीत, तेवढीच छातीत.

इतके दिवस पुस्तकी बोलणारा हा माणूस आपल्या बोलीत बोलला. "माफ करजा ताई. मी बी असाच अडकलो. म्हाताऱ्यानं दिलं अन् म्या डोक्याले लावून घेतलं. तिकडं कोनी वाद्यापुढं वाकत नाई. आपली सवय."

पुढचं त्यांनी घाईघाईने समजावलं. आतली पत्ती बोरूची आहे, ती वाळली की सूर फाटतो, म्हणून कूलरच्या ओल्या वाऱ्यातून बाहेर जायचं नाही. दिवाळीपासून ते स्वतः बाहेर पडले नव्हते. झोपेतही कोपर चालतं, त्याची काळजी नको. आणि सुटायचं तर दुसऱ्याने आपणहून मान वाकवून घेतलं पाहिजे. मुंबईचे वादक आले, कुतूहलाने हात लावून गेले, वाकलं कुणी नाही. म्हणून त्यांनी वीणेकऱ्याची मुलगी शोधली.

मग ते दार उघडून उन्हात गेले. चपलाही घातल्या नाहीत.

१२ मे

झोपेत कोपर खरंच चालतं.

बाहेर पडून पाहिलं. अंगणात, नळापर्यंत. तिथे सूर चिरला आणि गुडघे टेकले. रांगत आत आले, कूलरपुढे पडून राहिले. मला प्रचंड राग आलाय. त्या माणसाचा, आणि माझ्या या मानेचा.

मैनाबाईंना सगळं सांगितलं. थांबत थांबत, कारण एका दाबात चार शब्दच मावतात. त्यांनी डॉक्टर आणला. तो म्हणाला, घाबरल्यामुळे होतं असं, आधी ते वाद्य काढा. मी काढून दाखवलं. त्यानेच घाईने पट्टा पुन्हा माझ्या गळ्यात टाकला आणि मोठ्या दवाखान्यात न्या म्हणत निघून गेला. कसं नेणार. दारापलीकडे श्वास नाही.

१४ मे

मैनाबाईंनी पट्ट्याला कात्री लावली. कातडं कापलं गेलं नाही. माझ्या मानेवर वळ उठला आणि रक्त आलं.

दुपारी वीज गेली. कूलर बंद. आधी सूर किनरा झाला, मग तुटक, मग — मैनाबाई बादली घेऊन धावल्या, पातळ भिजवून माझ्याभोवती आणि त्या पाइपभोवती गुंडाळलं. वीज येईस्तोवर त्या पाणी मारत बसल्या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात एकच होतं. ही बाई वाकली तर.

सिनेमावाल्यांचा निरोप आला. सरांनी पाठवलेला शापाचा सूर त्यांना फार आवडलाय. म्हणाले, हा अजून लांबवा.

१६ मे

लाज वाटते, पण लिहिते. मी मैनाबाईंना विचारलं. घ्याल का थोडा वेळ. बाथरूमला जाऊन येते म्हटलं. पट्टा पुढे धरला, कुलदीपने धरला तसाच.

त्या जागेवरून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "कुलदीपभाऊ बी असेच मांगं लागले होते, ताई. मी मान वाकवत नाई कोनापुढं. आमच्या घरी ते शिकवलंच नाई."

त्या चिडल्या नाहीत. भाकर मोडून दुधात कालवून मला भरवली. मी रडले, पण रडतानाही हुंदका येत नाही. हवा पुरत नाही.

१७ मे

बाबांचा फोन. रोज येतो. उचलला नाही. उचलला तर ते मागचा सूर ऐकतील. विचारतील. मी सांगेन. आणि सांगितलं तर ते येतील.

इथे आले की बाबा विचारणार नाहीत हे काय आहे. ते एवढंच बघतील की पोरगी कधीची उभी आहे.

त्यांचा दमा. जिना चढताना मध्ये बसतात. हा भाता त्यांच्या छातीला —

नाही. त्यांना कळू द्यायचं नाही. मैनाबाईंना बजावलं, घरी कळवू नका. संदेश टाकला, काम वाढलंय, मजेत आहे.

१८ मे

बोलणं जवळजवळ बंद. शब्द काढला की सूर खाली जातो. कुलदीपला इतक्या महिन्यांत जमलं असेल. मला जमत नाही.

बसलं की पिशवी दबते. म्हणून उभी. पाय सुजलेत.

मैनाबाई विचारतात, कोनी नाही का तुमचं. मी मान हलवते. नाही.

२० मे

वीज दोनदा गेली. दुसऱ्यांदा मी बराच वेळ शुद्धीवर नव्हतेच म्हणे. मैनाबाई घाबरल्यात. त्यांनी माझा फोन घेतला. मी हात धरला, त्यांनी सोडवला. म्हणाल्या, मले तुमचं मरन पाहाचं नाई.

कुणाला लावला ते माहीत आहे मला.

आणि माझ्या मनात — बरं वाटलं. क्षणभर. लिहून ठेवते, बरं वाटलं.

२१ मे

बाबांची बस सकाळची. गावाकडून, दर्यापूरहून. मैनाबाई पुलापर्यंत आणायला गेल्यात. दाराला कडी घालायची होती. कडी बाहेरून आहे.

या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिते. आल्याबरोबर त्यांच्यासमोर धरायचं.

बाबा वाकू नका. हात लावू नका. परत जा.

दार वाजलं —

आले. घामाने भिजलेत. छातीतली घरघर इथवर ऐकू येते. वही धरली समोर. वाचली. हळूहळू, ओठ हलवत, सगळी वाचली. घडी घालावी तशी मिटून परत माझ्या हातात दिली.

चपला बाहेर काढल्या त्यांनी. पाय धुऊन आले.

म्हणाले, "लय येळची उभी हायेस तू, पोरी. आन इकडं, मी घेतो पहारा."

नको. मान हलवतेय, नको. मैनाबाई, धरा ना त्यांना —

वाकले. डोक्यावर केस किती विरळ झालेत. वाकलेत आणि थांबलेत.

मागे सरायचं. मागे भिंत आहे. कापूस. मागे सरत नाही मी —

पट्टा डोक्यावरून निघायला मान खाली घालावी लागते. घातली. मीच. कुणी ढकललं नाही —

कानापर्यंत आला. श्वास — अख्खा येतोय, पोटापर्यंत, गार —

बाबा, अजून थोडं, वर ओढा, अजून —