माझी सर्वोत्तम गाणी, ‘लुमेन’ वगळून

११ नोव्हेंबर, दुपार
आज टिलबर्गमध्ये कार्निव्हलचा मोसम सुरू झाला. आता फेब्रुवारीपर्यंत शहाण्या माणसाने घराबाहेर पडू नये. बटाटे आणायला गेलो, तर दुकानात तेच चालू. बँडवाल्यांनी वाजवलेलं ‘लुमेन’. माझं ‘लुमेन’. तरुणपणी विश्वाच्या पोकळीवर केलेला ट्रॅक, एकही शब्द नसलेला. अख्खा युरोप त्यावर डोळे मिटून नाचलाय. मग आमच्याच गावच्या कुण्या गाढवाने त्यावर शब्द बसवले: ‘टून रे टून, दार उघड, सॉसेज गार होतंय.’ तेव्हापासून ते ट्रॉम्बोन आणि ढोलावर वाजतं. गल्ल्यावरची मुलगी गुणगुणत होती. शिसारी आली. बटाटे तिथेच टाकून आलो. रात्री पावच खावा लागणार.

१४ नोव्हेंबर
कून बास्टियानसेनचा फोन. माझे सगळे रेकॉर्ड यानेच काढले. आता ‘आल्टाइर’ची सर्वोत्तम गाणी एका सीडीवर काढू म्हणतोय. (आल्टाइर म्हणजे मी. ट्वान हूफनागेल्स या नावावर कोणी नाचत नाही.) म्हटलं, आली एकदाची जगाला जाग. कून म्हणाला, जागबिग काही नाही, तो कंपनी बंद करतोय आणि जाता जाता एवढं एक काढतोय. यानंतर काही निघणार नाही. म्हणजे जगाने मला कशासाठी लक्षात ठेवायचं ते या सीडीवरून ठरणार. सॉसेजसाठी नाही, एवढं नक्की.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून जुन्या टेप ऐकणे. बिअर बंद.

१५ नोव्हेंबर
साडेअकराला उठलो. कलाकाराचं शरीर वेगळं असतं. टेप माळ्यावर आहेत, आणि शिडी मीकेताईकडे.

१९ नोव्हेंबर
शिडी आली, सोबत ताईही आली. माळ्यावर गार पडतं म्हणून थोडी बिअर घेतली. औषधापुरती.
ताईला यादी वाचून दाखवली: ‘कक्षा’, ‘कक्षा दोन’, ‘कक्षेकडे परत’, आणि असे आणखी नऊ. तिने विचारलं, ‘लुमेन’ कुठाय? मी म्हटलं, घेत नाही. ती म्हणाली की तेवढं एकच तर तिला ओळखता येतं, बाकी सगळं फ्रीज बिघडल्यासारखं वाजतं. वर असंही म्हणाली की ‘लुमेन’ची लय विश्वाच्या पोकळीतून वगैरे आलेली नाही, आईच्या वॉशिंग मशीनवरून आलीय. मी तेव्हा धुण्याच्या खोलीत सिंथेसायझर मांडून बसायचो, हे खरं. पण मशीन हे निमित्त होतं.
सख्ख्या बहिणीची ही समज, तिथे परक्यांना काय बोलायचं.

२७ नोव्हेंबर
कूनकडे गेलो. एक कप कॉफी, एक बिस्कीट, आणि लगेच डब्याचं झाकण बंद. त्याने यादी वाचली, उलटीपालटी केली. मी समजावलं की रसिकांनी माझी खरी, खोल कामं ऐकायची वेळ आलीय. कून शांतपणे म्हणाला, “ट्वान, ही लग्नपत्रिका आहे आणि तू नवरदेवाचंच नाव गाळतोयस.”
मी म्हटलं, ‘लुमेन’चे हक्क माझ्याकडे आहेत, आणि मी देत नाही. त्याने खांदे उडवले. हवं ते कर म्हणाला, गोदाम तसंही रिकामंच आहे. याला म्हणतात विजय. येताना सायकल पंक्चर.

५ डिसेंबर
सिंटरक्लासचा सण ताईकडे. आमच्यात भेटीसोबत टिंगलीची कविता द्यायची रीत आहे, आणि ज्याची टिंगल त्यानेच ती मोठ्याने वाचायची. माझ्या वाट्याची ताईने रचली होती: एक गृहस्थ बेकरी उघडतात आणि पाव सोडून सगळं विकतात. वाचून झाल्यावर सगळे टाळ्या पिटत होते. यमक अत्यंत सुमार. भेट म्हणून नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटचं मिळालं, ट्वानचा टी. आल्टाइरचा ए मिळायला हवा होता. रागारागाने बसल्या बैठकीला खाऊन टाकलं. आता मळमळतंय.

१ जानेवारी
संकल्प: बिअर बंद, कायमची. रोज पळायला जाणे. आजच्या पोरट्या डीजेंचा तिरस्कार न करणे.
संध्याकाळी टीव्हीवर एक पोरगा पाहिला. खिशातून बोटाएवढी वस्तू काढली, यंत्रात खुपसली आणि दोन्ही हात वर. हा डीजे म्हणे. हाताला घाम नाही, रेकॉर्ड चाळून बोटाला काळं नाही. तिरस्कार चालू ठेवतोय. पळायचं सोमवारपासून.

२० जानेवारी
सीडी आल्या. काळं कव्हर, मधोमध एक चंदेरी ठिपका. ‘आल्टाइर: सर्वोत्तम गाणी’. फार देखणी. एक पोस्टमनला दिली. त्याने विचारलं, टूनवालं गाणं आहे ना यात? परत घेतली.

२३ जानेवारी
प्रकाशनाचा दिवस मी ठरवला: ११ फेब्रुवारी, कार्निव्हलचा रविवार, दुपारी. मुद्दामच. गाव सगळं बिअरमध्ये लोळत असताना चार सुसंस्कृत माणसांना जायला एखादी जागा नको? कूनला कळवलं. त्याने विचारलं, तू नक्की टिलबर्गमध्येच जन्मलास ना? ताईने सांगितलं, त्या दिवशी आईची मयत असती तरी कोणी आलं नसतं. आई ब्रेडाला मजेत आहे, त्यामुळे हा युक्तिवादच चुकीचा.
कॅफेच्या मागची खोली सहज मिळाली. मालक म्हणाला, त्या दिवशी मागची खोली आजवर कोणी मागितलीच नव्हती. म्हणजे नवा पायंडा माझाच.

११ फेब्रुवारी, दुपार
चंदेरी जाकीट घातलंय. पोटावर जरा घट्ट होतं, पण बटण न लावलेलंच शोभतं. खुर्च्या मांडल्या. ‘कक्षा’ लावून ठेवलंय. कून आला नाही. ताई आली, कार्निव्हलला सगळे घालतात तो शेतकऱ्याचा निळा सदरा घालून, गालांना लाल रंग फासून. तिला म्हटलं, ही काय अवस्था. ती म्हणाली, इथून पुढे मिरवणुकीला जायचंय, लवकर आटप.
आणखी कोणी नाही. सुसंस्कृत लोक उशिरा येतात.

१२ फेब्रुवारी
झालं ते लिहून टाकतो.
‘कक्षा दोन’ सुरू असताना दार उघडलं आणि एक अख्खा बँड आत शिरला. ट्रॉम्बोन, ढोल, निळे सदरे, ओली कॉन्फेटी, बिअरचा भपकारा. त्यांना माझ्या खोलीशी कर्तव्य नव्हतं, संडास आमच्या मागे होता. एकाने माझं जाकीट पाहून विचारलं, तू काय झालायस, मासळी का? किळस आली. तोंड फिरवून बसलो.
रांगेत उभ्या उभ्या त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी वाजवायला घेतलं. ‘लुमेन’.
आता खरं लिहितो, कोण वाचतंय. इतक्या जवळून ते कधी ऐकलं नव्हतं. भिंती थरथरत होत्या. ताई नाचत होती, मालक नाचत होता, संडासातून बाहेर आलेला माणूस पँट सावरत नाचत होता. मधे सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता ढोल उरतो, ती जागा त्यांनी जशीच्या तशी ठेवली होती. ती जागा माझी आहे. मी त्या जागेसाठी एक अख्खा हिवाळा घालवलाय. मला एकदम फार अभिमान वाटला.
ढोलवाला ड्रीस नावाचा म्हातारा होता, बँडचा प्रमुख. त्याच्याजवळ जाऊन सांगितलं, हे गाणं माझं आहे. तो प्रेमाने हसला.
“आपल्या सगळ्यांचंच आहे, पोरा. माझी आजी गिरणीत जाताना म्हणायची.”
मी म्हटलं तसं नाही, मी केलंय, मी स्वतः. ताई मधे पडली, म्हणाली, खरंच यानेच केलंय. ड्रीस म्हणाला, तू बहीण आहेस, तू म्हणणारच. बाकीचे खिदळायला लागले. दर वर्षी कोणीतरी असं सांगतंच, म्हणे. गेल्या वर्षी एका खाटकाने सांगितलं होतं.
टेबलावरची सीडी उचलून त्याच्या हातात कोंबली. म्हटलं, बघ. मी आल्टाइर. ही माझी सर्वोत्तम गाणी.
ड्रीसने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. सीडी उलटी करून एकेक नाव बोटाने वाचत खाली गेला. शेवटपर्यंत गेला. मग पुन्हा वरून वाचलं. माणूस चांगला होता, घाई केली नाही. नंतर सीडी माझ्या हातात ठेवून खांद्यावर थोपटलं.
“तुझं असतं, तर तू घातलंच असतंस की यात.”
त्याने ढोल उचलला, गाणं परत सुरू झालं. ताईने माझा हात धरून मला ओढलं, आणि मीही मनात म्हटलं, निदान सगळ्यांबरोबर गाऊ तरी. ‘टून रे टून’ गायलो, मोठ्याने. मग दुसरं कडवं आलं. ते सगळ्यांना पाठ होतं, मला नव्हतं.